चार स्कोअर आहेत, कुठला कुठे पाठवायचा?

अमेरिकेत कॉलेजच्या ॲडमिशनसाठी मुलं एसएटी किंवा एसीटी ही परीक्षा देतात, आणि एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा. त्यांच्याच स्कोअरबद्दलचं हे पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे बायोलॉजी नाहीतर पब्लिक हेल्थ करायचंय. एसएटी तीनदा झाली. मार्चमध्ये १३९० (रीडिंग-रायटिंग ६४०, मॅथ ७५०), जूनमध्ये १४४० (६६०, ७८०) आणि ऑगस्टमध्ये १४३० (७१०, ७२०). उन्हाळाभर क्लास लावून ऑगस्टची टेस्ट दिली आणि दहा मार्क कमी झाले, म्हणजे ती वायाच गेली. मध्ये एकदा एसीटी पण दिली, ३१ आला. एपीमध्ये बायोलॉजीला ५, कॅल्क्युलसला ४, यूएस हिस्टरीला ३. यादीत रटगर्स, मिशिगन, कॉर्नेल, ब्राऊन, जॉर्जटाऊन आणि यूसीएलए आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच, १५००च्या खाली स्कोअर पाठवूच नका, शेजारच्यांच्या मुलाने २०२१ मध्ये न पाठवता ॲडमिशन मिळवली होती. आमचे हे म्हणतात, पडले तेवढे सगळे पाठवा, मार्क लपवायला आपण काय चोरी केलीय का. रोज रात्री जेवताना हाच विषय, लेक अर्ध्या ताटावरून उठून जाते. ऑक्टोबरला चौथ्यांदा बसवू का? आणि काय पाठवायचं, काय नाही, एकदाचं सांगा. – एडिसनची एक आई"

तुमचं पत्र वाचलं आणि आधी एक कोरा कागद घेऊन तुम्ही दिलेले आकडे एकाखाली एक लिहून काढले. तुम्ही पण करून बघा, स्क्रीनवर नको, हाताने लिहा. डावीकडे रीडिंग-रायटिंग, उजवीकडे मॅथ. मार्च ६४०, ७५०. जून ६६०, ७८०. ऑगस्ट ७१०, ७२०. आता डावीकडच्या रांगेतला सगळ्यात मोठा आकडा गोल करा, मग उजवीकडचा करा. डावीकडे ऑगस्टचा ७१० येतो, उजवीकडे जूनचा ७८०. बेरीज करा, १४९०.

ऑगस्टची टेस्ट वाया गेली असं तुम्ही म्हणताय ना, ती अजिबात वाया गेली नाहीये. पोरीने उन्हाळाभर जे वाचन केलं त्याने तिचा रीडिंगचा आकडा ६६० वरून ७१० वर गेला, पन्नास मार्क एका फटक्यात, आणि ज्यांनी मुलांना ही टेस्ट देताना जवळून बघितलंय त्यांना माहितीये की मॅथपेक्षा रीडिंग वर न्यायला किती जीव काढावा लागतो. मॅथ त्या दिवशी थोडं घसरलं म्हणून टोटल दहाने कमी दिसली एवढंच. आणि १४४० आणि १४३० यात फरक असा काही नसतोच, स्कोअर रिपोर्टवर आकड्याच्या जोडीला एक रेंज छापलेली असते ती कोणी बघत नाही, तिचा अर्थच तो की हाच मुलगा हीच टेस्ट पुढच्या आठवड्यात देता तर आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता. तेव्हा आज रात्री जेवताना पहिली गोष्ट तिला ही सांगा, की तुझी ऑगस्टची टेस्ट ही तुझ्या तिन्हींमधली सगळ्यात कामाची टेस्ट आहे. कागद दाखवा. मग बाकीचं बोला.

या वेगवेगळ्या तारखांच्या बेस्ट सेक्शनच्या बेरजेला सुपरस्कोर म्हणतात, आणि बरीच सिलेक्टिव्ह कॉलेजं तो स्वतःच काढतात, तुम्ही काही बेरीज करून पाठवायची नसते. ब्राऊन करतं, स्टॅनफर्ड करतं, एमआयटी पण प्रत्येक सेक्शनचा सगळ्यात जास्त आकडा धरतं. काही कॉलेजं असं करत नाहीत, ती एकाच तारखेची बेस्ट टोटल बघतात, तिथे तिचा आकडा जूनचा १४४०. म्हणजे तुमच्या लेकीचा स्कोअर एक नाहीये, कॉलेज कोणतं त्याप्रमाणे तो १४९० पण आहे आणि १४४० पण आहे, आणि दोन्ही खरे आहेत.

आता तुमच्या मिस्टरांचं. मला त्यांचा मुद्दा मनापासून पटतो हो, आणि ग्रुपवर त्यांना जुन्या वळणाचे वगैरे म्हणत असतील तर ते चुकीचं आहे. आपण ज्या शाळांतून आलो तिथे मार्कशीट ही एकच होती, बोर्डाने दिलेली, तिच्यावर जे छापलंय ते छापलंय, आणि त्यातला एखादा कागद मागे ठेवणं म्हणजे लबाडीच. त्या घडणीतल्या माणसाला 'हा स्कोअर पाठवू, तो नको पाठवू' हे ऐकून कसंतरी होणारच, आणि बापाने घरात ही काळजी करावी हे चांगलंच आहे. पण त्यांना एवढं विचारा की भारतात जेईई मेनला मुलं जानेवारीत पण बसतात आणि एप्रिलमध्ये पण बसतात, दोन्ही वेळा दिली तर रँक लावताना जास्तीचा स्कोअर धरतात, तिथे कोणी म्हणतं का की या मुलाने जानेवारीचे मार्क लपवले? नाही म्हणत, कारण नियमच तसा आहे आणि तो सगळ्यांना माहितीये. इथे पण तसंच. एसएटी घेणारी संस्था म्हणजे कॉलेज बोर्ड, तिनेच २००९ पासून स्कोअर चॉइस नावाची सोय ठेवलीये, कुठल्या तारखेची टेस्ट पाठवायची ते मुलांनी निवडायचं. आणि कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाचा, टेस्टिंगचा भाग उघडून त्यांना दाखवाच, तिथे फॉर्म स्वतःच विचारतो की तुझा रीडिंग-रायटिंगचा सगळ्यात जास्त स्कोअर किती आणि तो कुठल्या तारखेचा, मॅथचा सगळ्यात जास्त किती आणि तो कुठल्या तारखेचा. प्रश्नच तसा आहे तर त्याला तसं उत्तर देणं यात लपवाछपवी कुठे आली?

मात्र एका ठिकाणी तुमच्या मिस्टरांचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते म्हणजे जॉर्जटाऊन. जॉर्जटाऊन स्कोअर चॉइस मानत नाही, ते स्पष्ट सांगतात की जेवढ्या वेळा बसलात तेवढे सगळे स्कोअर द्या. म्हणजे मार्चची १३९० पण आणि एसीटीचा ३१ पण. आता गंमत अशी की कॉलेज बोर्डाच्या साइटवर स्कोअर पाठवताना तुम्ही मार्च वगळून पुढे गेलात तर कोणी तुमचा हात धरणार नाही, नियम पाळायची जबाबदारी पोरांवर टाकलेली आहे. आणि म्हणूनच तिथे पाळायचा. ॲप्लिकेशनच्या शेवटी तिने सही करायची असते की दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, सतरा वर्षांच्या मुलीने आयुष्यातली पहिली मोठी सही अशा कागदावर करू नये जिथे तिला माहितीये की एक ओळ गाळलीये. आणि तसंही घाबरण्यासारखं काहीच नाही, मार्च ते ऑगस्ट तिचं रीडिंग ६४०, ६६०, ७१० असं चढत गेलंय, हे वाचणाऱ्याला चांगलंच दिसेल. जाता जाता, जॉर्जटाऊनला अर्ली ॲक्शन (लवकर अर्ज, पण बांधून न घेणारा) करायचं असेल तर दुसरीकडे कुठे बाइंडिंग अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी (लवकर अर्ज, पण घेतलं तर तिथेच जायचं असं वचन देऊन), करता येत नाही, तुम्ही कॉर्नेल किंवा ब्राऊनला ईडी करायच्या विचारात असाल तर ते आधी ठरवा. स्कोअरच्या भांडणात ही गोष्ट राहून जाते आणि मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

आता ग्रुपचं. १५००च्या खाली पाठवू नका हा सल्ला कुठून आला ते समजून घ्या म्हणजे तो कुठे लागू होतो आणि कुठे नाही ते कळेल. २०२० मध्ये कोविड आला, टेस्ट सेंटरं बंद, तेव्हा जवळजवळ सगळ्या कॉलेजांनी टेस्ट ऑप्शनल केलं, म्हणजे स्कोअर पाठवायचा की नाही ते मुलांनी ठरवायचं. मग काय झालं, ज्यांचे स्कोअर भारी होते त्यांनीच पाठवले, बाकीच्यांनी ठेवून दिले. त्यामुळे कॉलेजं जो मधल्या पन्नास टक्क्यांचा आकडा छापतात, म्हणजे ॲडमिशन घेतलेल्या मुलांमधली खालची पाव आणि वरची पाव सोडून उरलेली, तो आकडा दरवर्षी वर वर जायला लागला. पुढच्या वर्षीची मुलं तो आकडा बघणार, म्हणणार बापरे माझा याच्यापेक्षा कमी, आणि नाही पाठवणार, की आकडा अजून वर. मुलं काही अचानक हुशार झाली नव्हती, फक्त मोजणीत कमी मुलं राहिली होती. शेजारच्यांचा मुलगा २०२१चा, म्हणजे बरोबर त्याच काळातला, त्याच्या वेळी ते चाललं असेल, त्याचं चांगलंच झालं, पण त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलंय.

एमआयटीने मार्च २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याच प्राध्यापकांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की साधारण १४०० च्या आसपास स्कोअर असलेली, कमी सोयीच्या घरांतून नि शाळांतून आलेली बरीच मुलं घाबरून स्कोअर पाठवतच नव्हती, आणि पाठवला असता तर त्यांना फायदाच झाला असता, कारण ॲडमिशनवाले तो आकडा त्या मुलाच्या शाळेच्या मानाने बघतात. मला ते वाचून खूप वाईट वाटलं होतं, मुलांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं दार लावून घेतलं, ते पण कोणाच्या तरी ऐकीव सल्ल्यावरून. त्याच वर्षी ब्राऊन, येल, हार्वर्ड, कॅलटेक यांनी पण टेस्ट परत मागायला सुरुवात केली (येल एसएटी-एसीटीच्या ऐवजी एपी किंवा आयबीचे स्कोअर पण चालवतं), आणि कॉर्नेलने २०२६ च्या फॉलपासून शिकायला येणाऱ्यांसाठी सक्ती केली. तेव्हा तुमच्या यादीतल्या ब्राऊन आणि कॉर्नेलला 'पाठवू की नको' हा प्रश्नच शिल्लक नाहीये, ती टेस्टशिवाय ॲप्लिकेशन वाचणारच नाहीत, आणि ग्रुपवरच्या त्या सल्ल्याने तिथे सरळ नुकसान होईल.

ब्राऊन आणि कॉर्नेल दोन्हीकडे जून आणि ऑगस्ट द्या. मार्चमधला एकही आकडा बेस्ट नाहीये त्यामुळे तो द्यायची गरज नाही. फक्त एक समजून घ्या, एका तारखेतला एकच सेक्शन तोडून पाठवता येत नाही, जूनचं मॅथ आणि ऑगस्टचं रीडिंग एवढंच द्यायचं म्हटलं तरी ऑफिशियल रिपोर्टमध्ये दोन्ही तारखा पूर्ण जातात, जूनचा ६६० पण दिसतो आणि ऑगस्टचा ७२० पण. दिसू दे. खरं सांगायचं तर या दोन कॉलेजांत १४९० हा आकडा त्यांच्या नेहमीच्या मुलांच्या मानाने थोडा खालच्या बाजूला पडतो आणि मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, एडिसनसारख्या ठिकाणच्या शाळेतून अर्ज जातो तेव्हा काउन्सेलर सोबत स्कूल प्रोफाइल पाठवतात, त्यात शाळेचं सगळं चित्र असतं, आणि तुमच्याकडच्या शाळांत १५०० वाली मुलं पुष्कळ असतात. डार्टमथच्या त्या मुलांना शाळेच्या मानाने बघण्याचा जो फायदा होता तो तुमच्या लेकीला तेवढा मिळणार नाही. पण म्हणून अर्ज करू नये असं नाही, १४९० ने कोणी दार बंद करत नाही, फक्त दार उघडायचं काम निबंध, शिक्षकांची पत्रं आणि तिने चार वर्षं काय केलं यांनी करायचंय.

मिशिगन टेस्ट ऑप्शनल आहे. म्हणजे इथे खरा निर्णय आहे. अशा वेळी ग्रुपवर विचारू नका, गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' टाका, एक लांबलचक कंटाळवाणी पीडीएफ मिळते, त्यात सी९ नावाचा भाग शोधा. तिथे दोन गोष्टी असतात, मधल्या पन्नास टक्क्यांचे स्कोअर आणि किती टक्के मुलांनी स्कोअर दिले. लोक पहिली बघतात आणि दुसरी सोडतात. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण अर्ध्याच मुलांनी दिले असतील तर ज्यांनी दिले नाहीत आणि तरी आत गेली ती सगळी मुलं त्या आकड्यात नाहीतच, मग तो आकडा फुगलेला समजायचा. मिशिगनचा मधला पट्टा साधारण १३५० ते १५३० च्या आसपास असतो, तुमची लेक १४४० धरली तरी त्याच्या बरोबर मध्ये, १४९० धरली तर वरच्या बाजूला. पाठवा, डोळे झाकून पाठवा. १५००च्या नियमाने चालला असतात तर इथे तिच्या फायद्याचा कागद तुम्ही कपाटात ठेवला असता.

माझा स्वतःचा हिशोब विचाराल तर टेस्ट ऑप्शनल कॉलेजात स्कोअर त्या मधल्या पट्ट्यात कुठेही बसत असेल तर पाठवावा. पट्ट्याच्या थोडा खाली असेल तर बाकी फाइल बघायची, ग्रेड्स फार भारी असतील तर नाही पाठवला तरी चालतं, आणि ग्रेड्स मधूनच डळमळल्या असतील, शाळा लहान असेल, तिथून त्या कॉलेजात फार कोणी गेलेलं नसेल, तर तोच स्कोअर उलट आधार देतो. खूपच खाली असेल तर ठेवून द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कॉलेजनेच तो पर्याय दिलाय.

रटगर्सला पण टेस्ट ऑप्शनल आहे, पाठवा, १४४० तिथे चांगला आहे.

यूसीएलएला काहीच नाही. कॅलिफोर्नियाच्या यूसी युनिव्हर्सिट्या टेस्ट ब्लाइंड आहेत, म्हणजे तुम्ही १६०० पाठवलेत तरी ॲडमिशनसाठी ते बघत नाहीत. ऑप्शनल आणि ब्लाइंड यात लोकांचा फार घोटाळा होतो, ऑप्शनलला दिलं तर बघतात, ब्लाइंडला दिलं तरी बघत नाहीत. तिथे एपीचे स्कोअर मात्र बघितले जातात, आणि पर्सनल इनसाइटचे चार छोटे निबंध असतात त्यांना वेळ द्या.

एसीटीचा ३१. एसएटी आणि एसीटी बनवणाऱ्यांनी मिळून २०१८ मध्ये एक तक्ता काढलाय, त्यात ३१ म्हणजे एसएटीचे साधारण १३९० ते १४१०. म्हणजे तिच्या जूनच्या एसएटीपेक्षा कमी. जॉर्जटाऊन सोडून कुठेही पाठवायचा नाही. दोन्ही पाठवले की जास्त मेहनती दिसतो असं काहींना वाटतं, तसं काही नसतं, जो बरा तो पाठवायचा.

एपीमध्ये बायोलॉजीचा ५ तर सगळीकडे द्याच, बायोलॉजीसाठी अर्ज करणाऱ्या मुलीचा तो आकडा एसएटीपेक्षा जास्त बोलतो असं माझं मत. कॅल्क्युलसचा ४ पण द्या. हिस्टरीचा ३ या सिलेक्टिव्ह कॉलेजांना नाही दिला तरी चालतो, अर्जात एपीचे स्कोअर आपण स्वतः भरतो, जे भरायचे ते भरायचे, फक्त एखादं कॉलेज सगळे मागत असेल तर सगळे. ट्रान्सक्रिप्टवर तिने तो क्लास घेतल्याचं आणि त्यातली ग्रेड दिसतेच. फक्त पुढे ॲडमिशन झाल्यावर क्रेडिटसाठी कॉलेज बोर्डातून ऑफिशियल एपी रिपोर्ट पाठवाल तेव्हा त्यात सगळे स्कोअर एकत्र जातात, तेव्हा ३ दिसला म्हणून दचकू नका, तोवर ॲडमिशन झालेली असते. रटगर्सला अर्ज करताना त्या ३ चं काय करायचं ते काउन्सेलरना विचारा.

आता पैशांबद्दल आणि त्या चार फुकट रिपोर्टांबद्दल. तुम्ही विचारलं नाहीयेत पण मी सांगणार, कारण इथे माझं स्वतःचं पोळलंय. एसएटीला रजिस्टर केलं की चार कॉलेजांना रिपोर्ट फुकट पाठवता येतात, पण ते टेस्टनंतर नऊ दिवसांच्या आत सांगावं लागतं, आणि स्कोअर यायच्या आधीच ते नऊ दिवस संपतात. म्हणजे न बघता पाठवायचं. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही एका खासगी कन्सल्टंटकडे जात होतो, चांगले पैसे मोजून, त्यांनी सांगितलं की चारही वापरून टाका, कॉलेजला वाटतं मुलगा सिरियस आहे. आम्ही नवीन, आम्हाला काय कळतंय, आणि फुकट आहे तर का सोडा हा आपला स्वभाव, टाकली चार नावं. त्या शनिवारी पोराला ताप होता. सकाळी साडेसातला त्याला सेंटरवर सोडताना त्याचा हात गरम लागला होता मला, मी म्हटलं पण, जाऊया का परत, तो म्हणाला नको आई, फी भरलीये. दोन-अडीच आठवड्यांनी स्कोअर आला तो आधीपेक्षा नव्वदने कमी, आणि तोवर तो चारही ठिकाणी जाऊन पोचला होता. परत बोलावता येत नाही. त्यातलं एक कॉलेज त्याचं सगळ्यात आवडतं होतं. मी कन्सल्टंटना फोन केला तर ते म्हणाले, होतं असं कधीकधी. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः बसून एकेका कॉलेजची पॉलिसी वाचायला लागले आणि तेव्हापासून आजपर्यंत, रविवारच्या मराठी शाळेत कोणाच्याही आईने विचारलं की मी हेच सांगते, स्कोअर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठेही पाठवायचा नाही, फुकट असला तरी.

आणि आता तर तशी गरजही फार उरली नाहीये, कारण बरीच कॉलेजं अर्जात मुलांनी स्वतः भरलेले स्कोअर चालवतात, ऑफिशियल रिपोर्ट फक्त जिथे ॲडमिशन घ्याल तिथेच नंतर मागतात. ज्या कॉलेजला अर्जाच्या वेळीच ऑफिशियल हवा असेल तिथे डेडलाइनच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवा, पोचायला वेळ लागतो. प्रत्येक कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर 'स्टँडर्डाइज्ड टेस्टिंग' म्हणून भाग असतो, तो यावर्षीचा वाचा, या गोष्टी दरवर्षी बदलतात, मी आज लिहिलेलंसुद्धा पुढच्या वर्षी कोणी वाचलं तर त्यांनी परत तपासावं.

राहता राहिला ऑक्टोबर. नको. माझं स्पष्ट मत, नको. रीडिंग ७१० वर आलंय, मॅथ ७८० झालेलं आहे, समजा ऑक्टोबरला अजून वीस-तीस वाढले तर ब्राऊनला आणि कॉर्नेलला काही चित्र पालटत नाही, मिशिगन आणि रटगर्सला आत्ताच चांगलं आहे, यूसीएलए बघत नाही, आणि जॉर्जटाऊनला अजून एक आकडा दाखवावा लागेल तो कसाही येवो. आणि त्या बदल्यात काय जाईल? मिशिगन आणि रटगर्सचं अर्ली ॲक्शन १ नोव्हेंबरला आहे, ईडी पण त्याच सुमाराला. म्हणजे ऑक्टोबरचा महिना हा निबंधांचा महिना आहे. ज्या शनिवारी ती टेस्टला बसेल त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे ती प्रॅक्टिस टेस्ट देत बसणार, आणि पब्लिक हेल्थ का करायचंय यावरचा निबंध, जो फक्त तिलाच लिहिता येणार आहे, तो रात्री अकरा वाजता डोळे चोळत लिहिणार. लेक अर्ध्या ताटावरून उठून जाते असं तुम्ही लिहिलंय ना, मला त्या सगळ्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं. ती दमलीये हो. तीन एसएटी, एक एसीटी, मे महिन्यात एपी, वरून शाळा. तिला विचारा, तिला स्वतःला जायचंय का. ती मनापासून हो म्हणाली, तिला आतून वाटत असेल की मला मॅथ आणि रीडिंग एकाच दिवशी जमवून दाखवायचंय, तर जाऊ दे. पण तुम्ही बसवू नका. 'बसवू का' हा शब्द तुमचा आहे, म्हणून म्हणते.

आणि जेवताना हा विषय बंद करा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, रविवारी दुपारी चहाच्या वेळी म्हणा, तासभर, तिघं मिळून, लॅपटॉप उघडून, तेव्हाच बोलायचं, बाकी दिवस घरात कोणी स्कोअर हा शब्द काढायचा नाही. मिस्टरांना जॉर्जटाऊनचं काम द्या, सगळे स्कोअर नीट गेलेत की नाही बघायचं, त्यांच्या स्वभावाला ते बरोबर जमेल. तुम्ही त्या कॉमन डेटा सेटच्या पीडीएफ बघा. फॉर्म तिला भरू दे, तिच्या अकाउंटमधून, तिच्या हाताने, तुम्ही फक्त शेजारी बसा. तारखांकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं, मॅथच्या ७८० समोर जूनची तारीख यायला हवी आणि रीडिंगच्या ७१० समोर ऑगस्टची, घाईत लोक दोन्हीकडे एकच तारीख टाकतात आणि मग पुढे ऑफिशियल रिपोर्टशी ताळमेळ बसत नाही. स्कोअर रिपोर्ट दुसऱ्या टॅबमध्ये उघडा ठेवा, एक आकडा तिने वाचायचा, एक तुम्ही टिक करायचा.